सोरायसिस : तीन चुकीची नावे आणि एक खरा आजार

सोरायसिसचे निदान सांगितले की रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बहुधा तीन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न दबक्या आवाजात असतो : "हा महारोग तर नाही ना?" दुसरा : "हे गजकर्णच आहे ना? घरात दुसऱ्यांना लागेल का?" आणि तिसरा : "टेन्शनमुळे होते म्हणतात, मग टेन्शन सोडले की जाईल का?"

या तीन प्रश्नांतच सोरायसिसचा इतिहास दडला आहे. वैद्यकशास्त्रालाही हे तिन्ही प्रश्न पडले होते आणि प्रत्येक वेळी आजाराला काही ना काही चुकीचे नाव मिळाले. त्या चुकीच्या नावांची किंमत रुग्णांनी मोजली, आजही मोजत आहेत. म्हणून आज औषधांची माहिती देण्याआधी हा इतिहास सांगतो. तो कळला की उपचार समजणे सोपे जाते.

आधी आजार थोडक्यात

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. पेशी पक्व होण्याआधीच वर येतात, गळायला वेळ मिळत नाही आणि एकावर एक साचतात. म्हणून लालसर, जाड चट्टा आणि त्यावर चंदेरी पापुद्रे दिसतात. कोपर, गुडघे, कंबरेचा खालचा भाग आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडू शकतात. काही रुग्णांचे सांधेही दुखतात आणि सुजतात.

हे का होते? शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जी जंतूंशी लढण्यासाठी असते, ती विनाकारण त्वचेत लढाई सुरू करते. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. सोरायसिस जंतूंचा, बुरशीचा किंवा अस्वच्छतेचा आजार नाही. स्पर्शाने, कपड्याने, एका ताटात जेवल्याने किंवा पती-पत्नीच्या संबंधाने तो पसरत नाही.

पहिले चुकीचे नाव : कुष्ठ

वाशिमकरांना पद्मतीर्थ माहीत आहे. या तळ्याची एक आख्यायिका इंग्रजकालीन गॅझेटियरमध्येही नोंदवलेली आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठ झाले होते. गावाबाहेरच्या एका डोहात स्नान केल्यावर तो बरा झाला. मग त्याने त्या डोहाचे मोठे तळे केले, आणि त्याच्याच नावावरून गावाला वाशिम हे नाव पडले असे लोक मानत.

ही आख्यायिका आहे. राजाला नेमके काय झाले होते हे तपासायला कोणी डॉक्टर तिथे नव्हता, आणि मीही हजारो वर्षांनंतर निदान करणार नाही. पण 'कुष्ठ' या शब्दाकडे जरा नीट पाहा. आज आपण या शब्दाचा एकच अर्थ घेतो, महारोग. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मात्र तो त्वचेच्या अनेक आजारांचा मिळून शब्द होता. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत, ७ महाकुष्ठ आणि ११ क्षुद्रकुष्ठ. त्यातल्या 'एककुष्ठा'चे वर्णन माशाच्या खवल्यांसारखी त्वचा असे आहे. अनेक वैद्य त्याची तुलना आजच्या सोरायसिसशी करतात. म्हणजे ग्रंथकारांनी फरक पाहिला होता, वेगळी नावेही दिली होती. लोकांच्या बोलण्यात मात्र सगळे एकाच शब्दात मिसळून गेले.

युरोपातही हाच घोळ झाला. ग्रीक भाषेत 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणारी त्वचा. पुढे तोच शब्द महारोगासाठी वापरला जाऊ लागला आणि खवले असलेला प्रत्येक माणूस संशयित ठरला. मध्ययुगात महारोगी म्हणून गावाबाहेर काढलेल्यांमध्ये सोरायसिसचे रुग्णही असावेत, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. इंग्लंडच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या सुमारास सोरायसिसचे अचूक वर्णन केले, पण त्यांनीही त्याच्या एका प्रकाराला 'लेप्रा' हेच नाव ठेवले. अखेर १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी हा शब्द सोरायसिसपासून कायमचा वेगळा केला. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सन यांनी महारोगाचा जंतू शोधला आणि दोन्ही आजारांचा काही संबंध नाही हे स्पष्ट झाले.

पुस्तकात स्पष्ट झाले, गावात नाही. आपल्या विदर्भाला महारोगाच्या कलंकाची चांगली ओळख आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात काम उभे केले, कारण रुग्णांना घरात आणि गावात जागा उरली नव्हती. कायदाही कठोर होता. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला महारोगाचा उल्लेख तर २०१९ मध्ये काढला गेला.

हे सांगण्याचा हेतू "आम्ही महारोगी नाही, आम्हाला वाईट वागवू नका" असा नाही. महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या रुग्णालाही वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. मुद्दा असा की शेकडो वर्षांची भीती एका शब्दात साठलेली असते. कोपरावरचा चट्टा पाहून शेजारीण लेकराला मागे ओढते, तेव्हा ती भीती बोलत असते.

फरक ओळखायची एक साधी खूण सांगतो. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, तिथे स्पर्श किंवा गरम-गार नीट कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना शाबूत असते, उलट खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. तरीही निदान घरी करू नका. शंका असेल तर तपासून घ्या.

दुसरे चुकीचे नाव : गजकर्ण

आता ही गोष्ट गोव्यातून लंडनला जाते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि गोव्याच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची एक पूड मिळत असे. गजकर्णावर ती उत्तम म्हणून लोक वापरत. मुंबईच्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने १८६४ मध्ये तिच्याबद्दल लिहिले, आणि पुढे कलकत्त्याच्या डॉ. फेरर यांनीही तिची माहिती इंग्लंडपर्यंत पोहोचवली. पूड नेमकी कशाची, हे मात्र बराच काळ गूढ होते. १८७५ मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील डॉ. दा सिल्वा लिमा यांनी खुलासा केला की ही तर आमच्याकडची 'अरारोबा'. ब्राझीलच्या जंगलातील एका झाडाच्या खोडात भेगा असतात, त्यांत ही पिवळी पूड साठते आणि हवा लागली की काळपट होते. ती पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आली आणि गोव्याचे नाव घेऊन पुढे गेली. झाड तोडणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांची तिने आग होत असे, इतकी ती जहाल.

लंडनमध्ये बाल्मॅनो स्क्वायर नावाचे त्वचारोगाचे सर्जन होते. सोरायसिसच्या एका रुग्णाने आपले चट्टे गजकर्णाचे समजून त्यावर गोवा पावडर लावली. गजकर्ण नव्हतेच, पण चट्टे मात्र जाऊ लागले. स्क्वायर यांनी हे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी ती पूड मलमात घालून इतर रुग्णांवर वापरून पाहिली आणि १८७६ पासून त्याबद्दल लिहिले. पुढे तिच्यातील औषधी भागाला 'क्रायसारोबिन' हे नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून जर्मनीत माल येणे बंद झाले. तेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यासारखेच एक द्रव्य प्रयोगशाळेत बनवले. गालेव्स्की आणि उन्ना या डॉक्टरांनी १९१६ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेच आजचे डायथ्रॅनॉल. निरोगी कातडीला ते झोंबते, कपड्यांवर तपकिरी-जांभळे डाग पडतात, म्हणून त्याचा वापर कमी झाला आहे. तरीही सोरायसिसच्या औषधांत त्याची जागा अजून आहे. गोव्याच्या बाजारातली एक पूड शंभर वर्षांहून अधिक काळ जगभराच्या दवाखान्यांत टिकून राहिली.

ही गोष्ट वाचून "म्हणजे चुकीचे औषध लावले तरी चालते" असा अर्थ काढू नका. तो योगायोग होता, आणि त्यामागे नीट निरीक्षण करणारा डॉक्टर होता. आज रिसोड असो की मानोरा, चट्टा दिसला की मेडिकलमधून 'गजकर्णाची ट्यूब' आणली जाते. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड एकत्र असते. स्टिरॉइडमुळे चट्टा चार दिवस फिका पडतो. रुग्ण खूश होतो, ट्यूब बंद करतो आणि चट्टा पुन्हा उसळतो. खरेच गजकर्ण असेल तर ते अंगभर पसरते. सोरायसिस असेल तर कातडी पातळ होते आणि आजार हाताबाहेर जाऊ शकतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी अधिसूचना काढली, ती याच कारणाने.

स्टिरॉइड वाईट नाही, हेही सांगतो. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम आले आणि त्वचेचे उपचार बदलून गेले. योग्य ताकदीचे, योग्य जागी, ठरावीक दिवस वापरले तर ते आजही सोरायसिसचे महत्त्वाचे औषध आहे. धोका आहे तो मनाने वापरण्यात. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन अचानक बंद केली, तर सर्वांग लाल होणे किंवा अंगभर पुवाचे फोड येणे अशी गंभीर अवस्था येऊ शकते. अशा रुग्णाला रुग्णालयात भरती करावे लागते.

तिसरे चुकीचे नाव : मनाचा आजार

आता तिसरा प्रश्न. ताणाचा आणि सोरायसिसचा संबंध आहे का? आहे. पण ताण हे मूळ कारण नाही. ताण ही ठिणगी आहे, आणि सरपण आधीपासून रचलेले असावे लागते. ते सरपण म्हणजे आनुवंशिक प्रवृत्ती आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती.

ठिणग्या अनेक असतात. १८७२ मध्ये हाइनरिष कोब्नर या जर्मन डॉक्टरांनी सांगितले की जिथे कातडीला इजा होते, तिथे काही दिवसांनी सोरायसिस उगवतो. त्यांच्या रुग्णाला घोडा चावल्याच्या जागी आणि गोंदलेल्या जागीही चट्टे आले होते. म्हणूनच पापुद्रे नखाने उकरू नका असे आम्ही सांगतो. घशाचा जंतुसंसर्ग, दारू, तंबाखू, वाढलेले वजन, हिवाळ्यातील कोरडी हवा याही ठिणग्याच. लिथियम, क्लोरोक्विन, रक्तदाबाची काही औषधे यांनीही आजार भडकू शकतो, म्हणून तुम्ही घेत असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा. ती स्वतःहून बंद मात्र करू नका.

ताण नेमके काय करतो? मेंदू आणि त्वचा यांना मज्जातंतूंनी जोडलेले आहे. ताणाच्या काळात त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून काही रसायने बाहेर पडतात आणि तिथल्या प्रतिकारपेशी चेततात. ज्या भागाचा मज्जातंतू तुटला तिथला चट्टा नाहीसा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे ३७ रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना प्रकाशोपचार दिला. काहींना त्या वेळी मन शांत करणारी ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली. ऐकणाऱ्यांचे चट्टे इतरांपेक्षा लवकर गेले. अभ्यास लहान होता. त्यातही ध्यान प्रकाशोपचाराच्या जोडीला होते, त्याच्या ऐवजी नव्हते. हे विसरू नका.

'मनाचा आजार' म्हटले की दोष रुग्णावर जातो. "तूच फार विचार करतोस" असे घरचे म्हणतात, आणि तो औषध सोडून स्वतःला दोष देत बसतो. प्रत्यक्षात चक्र उलटेही फिरते. चट्टे दिसतात, लोक टक लावून पाहतात, लग्न जुळता जुळत नाही, रात्री खाजेने झोप येत नाही. त्यातून ताण वाढतो आणि ताणातून चट्टे. म्हणजे रुग्णाच्या ताणाचा मोठा वाटा बाहेरून, आपल्या सगळ्यांकडून आलेला असतो.

आपल्या भागात ताणाला तोटा नाही. शेतकऱ्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. पाऊस लांबला, सोयाबीनचा भाव पडला, तर "टेन्शन घेऊ नका" असे कास्तकाराला सांगून काय होणार? ताण नाहीसा करता येत नसेल, तरी झोप सांभाळणे, रोज थोडे चालणे, दारूपासून लांब राहणे आणि मनातले कोणाशी तरी बोलणे हे जमू शकते. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटले, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. डॉक्टरांनाही ते मोकळेपणाने सांगा. सोरायसिसमध्ये उदासी येणे सामान्य आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

आजचे उपचार कुठून आले

एकोणिसाव्या शतकात सोरायसिसवर सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे द्रावण पाजत. चट्टे कमी होत, पण पुढे अनेकांना त्वचेचा कर्करोग झाला. 'मुळापासून बरे करतो' म्हणून मिळणाऱ्या बेनामी पुड्यांपासून सावध राहा, असे मी सांगतो त्यामागे हा इतिहासही आहे.

उन्हाचा उपयोग फार जुना. १९२५ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील डॉ. गोकरमन यांनी डांबराचे मलम आणि अतिनील किरण एकत्र वापरले. १९७४ मध्ये सोरालेन हे औषध आणि अतिनील किरण यांचा उपचार आला. आपल्याकडे कोडावर वापरली जाणारी बावची ही याच सोरालेनवर्गातील वनस्पती. आज ठरावीक लांबीच्या अतिनील किरणांचा 'नॅरोबँड' उपचार अधिक वापरतात. पण म्हणून वैशाखातल्या उन्हात चट्टे भाजू नका. भाजलेल्या कातडीवर सोरायसिस आणखी उगवतो, कोब्नर यांनी सांगितले तसा.

गोळ्यांमध्ये सर्वांत जुनी आणि स्वस्त मेथोट्रेक्सेट. तिच्या मागे एका भारतीयाचे काम आहे. आंध्रातील भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडरली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे तयार झाली, ती मुख्यतः रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. १९५१ मध्ये डॉ. गबनर सांधेदुखीच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन देत असताना सोरायसिसही गेल्याचे त्यांना दिसले. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात लिहितो : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. दारू वर्ज्य, गरोदरपणात पूर्ण बंद, आणि मधूनमधून रक्त व यकृताच्या तपासण्या आवश्यक.

१९७९ मध्ये अवयव प्रत्यारोपणासाठी वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन सोरायसिसवरही चालते हे दिसले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने कातडी सुधारली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले की खोडी कातडीत नसून प्रतिकारशक्तीत आहे. त्यातूनच या शतकातील 'बायॉलॉजिक' इंजेक्शने आली. ती प्रतिकारशक्तीतले नेमके चुकीचे संदेश अडवतात. त्यांचा गुण चांगला येतो, पण ती महाग आहेत. सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. बहुतेक रुग्णांना त्यांची गरज पडत नाही.

तुम्ही काय कराल

- निदान पक्के करून घ्या. गजकर्णाची शंका असेल तर खरवडून केलेली साधी तपासणी पुरते.
- अंघोळ कोमट पाण्याने, थोडा वेळ, सौम्य साबणाने करा. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. हे रोज करा, चट्टे नसतानाही.
- पापुद्रे उकरू नका, घासणीने घासू नका.
- सकाळी सांधे आखडत असतील, बोटे सुजत असतील तर लगेच सांगा. साधारण पाचात एका रुग्णाच्या सांध्यांवर परिणाम होतो आणि उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.
- वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासत राहा. सोरायसिस असलेल्यांत हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असतो.
- सर्वांग लाल झाले, ताप आला किंवा पुवाचे फोड आले तर घरी थांबू नका.

आणि घरच्यांसाठी एकच : त्यांचा टॉवेल, ताट, अंथरूण वेगळे काढू नका. त्याने आजारापासून कोणाचेही रक्षण होत नाही, फक्त माणूस एकटा पडतो.

"डॉक्टर, हा कायमचा जाईल का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे आहे : प्रवृत्ती जात नाही, चट्टे जातात. मधुमेह किंवा रक्तदाब सांभाळतो तसा हा आजार सांभाळता येतो. महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे त्वचा स्वच्छ राहू शकते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला. त्यात तो दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य आजार असल्याचे नोंदवून लोकांमध्ये जागृती करण्याचे आवाहन देशांना केले.

हेब्रा यांना महारोगाचे नाव या आजारापासून दूर करून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. आता ते काम आपल्या घरांत आणि आपल्या गावांत व्हायचे आहे. पुढच्या वेळी कोणी कोणाचे कोपर पाहून कुजबुजले, तर त्याला शांतपणे खरे नाव सांगा : सोरायसिस, आणि तो लागत नाही.